खिशांतील चाकू : धार साधी असावी कीं दांतेरी ?

नांगर कोणता घ्यावा, पंप किती अश्वशक्तीचा असावा, फवारणीचें यंत्र कोणत्या बनावटीचें चांगलें, याविषयीं आमचे शेतकरी बंधु चार ठिकाणीं चौकशी करतात, जाणत्यांचा सल्ला घेतात आणि मगच पैसा बाहेर काढतात. हें योग्यच आहे. परंतु जें हत्यार दिवसांतून दहा वेळां खिशांतून बाहेर येतें, त्या घडीच्या चाकूविषयीं मात्र कोणी कोणास कांहीं विचारीत नाहीं. बाजाराच्या दिवशीं चकचकीत दिसला, भाव परवडला, कीं तो खिशांत पडतो. अलीकडे अशा चाकूंत एक नवा प्रकार पुष्कळ दिसूं लागला आहे. त्याच्या पात्याची धार सरळ नसून करवतीसारखी दांतेरी असते. कांहींत अर्धी धार साधी व अर्धी दांतेरी असते. मोबाइलवरून वस्तु मागविण्याची सोय झाल्यापासून तर हे चाकू खेडोपाडीं पोहोंचले आहेत. तेव्हां यांपैकीं कोणता घ्यावा, हा प्रश्न उत्पन्न होतो. प्रश्न लहान आहे. पण त्याच्या उत्तरावर कलमांचें जगणें, हातांच्या बोटांची सुरक्षितता आणि प्रसंगीं दावणीच्या जनावराचा जीवही अवलंबून असतो. म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. खिशांतल्या चाकूस साधी धारच असावी. दांतेरी धार निरुपयोगी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तिची जागा खिसा नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

या दोन धारांचें काम मुळांतच भिन्न आहे, आणि तें समजण्यास आपल्या स्वयंपाकघरांतील विळीकडे पाहिलें तरी पुरे. विळीचें पातें साध्या धारेचें असतें. त्यावर भाजी चिरतात. त्याच पात्याच्या टोंकाशीं दांतेरी खवणी असते. तिच्यावर नारळ खवतात. नारळ पात्यावर खवतां येत नाहीं आणि भेंडी खवणीवर चिरतां येत नाहीं. ज्या कोणीं ही विळी प्रथम घडविली, त्यानें दोन्ही धारा एकाच हत्यारास दिल्या. पण त्यांची सरमिसळ केली नाहीं. ज्याचें काम त्यास, हा न्याय आमच्या आजीबाईंस ठाऊक होता. तोच आपण चाकूस लावून पाहूं.

साधी धार म्हणजे सबंध लांबीभर सारखी असलेली एक बारीक कड होय. ती वस्तूवर दाबली किंवा तिच्यावरून ओढली, कीं तंतू दुभागीत सरळ आंत जाते आणि मागें गुळगुळीत काप ठेवते. दांतेरी धारेंत हाताचा जोर प्रथम दांत्यांच्या टोंकांवर एकवटतो. टोंकें वस्तूंत रुततात, आणि पातें ओढलें असतां दोन दांत्यांमधील खांचा त्या रुतलेल्या जागीं कापीत जातात. यामुळें जी वस्तु बोथट साध्या धारेखालून निसटते, ती दांत्यांच्या तावडींतून सुटत नाहीं. शिवाय फळीवर किंवा दगडावर पातें घासलें, तर झीज टोंकांची होते; खांचेंतील धार आंत राहिल्यामुळें पुष्कळ दिवस टिकते. हे दोन गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र त्यांची किंमत अशी, कीं काप गुळगुळीत येत नाहीं. कडा फाटतात, तंतू लोंबत राहतात, आणि पातें आपल्या इच्छेप्रमाणें न वळतां दांते नेतील तिकडे जातें.

शेतावरच्या अवजारांतही हाच विभाग दिसून येतो. भात, गहूं किंवा गवत कापतांना आपण मूठभर काड्या डाव्या हातांत धरतों आणि विळा आपल्याकडे ओढतों. काड्या बारीक, सुट्या व निसरड्या असतात. त्या धारेपुढें सरकूं पाहतात. येथें दांते उपयोगी पडतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाचा वैभव विळा आणि भोपाळच्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेचा नवीन विळा हे दोन्ही दांतेरी आहेत, तें याच कारणानें. कापणीच्या गर्दींत घडोघडीं धार लावण्याचा खोळंबा त्यांनीं टळतो, आणि काडीचा काप फाटका आला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. काडी शेवटीं गोठ्यांतच जावयाची असते. आतां ऊंसतोडीचा कोयता पाहा. तेथें ओढ नसून घाव आहे. म्हणून कोयत्याची धार साधी. म्हणजे अवजारास दांते असावे कीं नसावे, हें त्याच्या दिसण्यावरून ठरत नसून काय कापावयाचें, कसें कापावयाचें, आणि कापल्यानंतर त्या कापाचें पुढें काय व्हावयाचें, या तीन गोष्टींवरून ठरतें.

मग खिशांतला चाकू दिवसभर करतो तरी काय ? खताच्या गोणीचा शिवणदोरा कापणें, सुतळी तोडणें, ठिबकाची नळी छाटणें, वेलाची काडी कापणें, कलमाची पाचर तासणें, डोळा भरणें, पेरू किंवा काकडी चिरणें, शिसपेन्सिलीस टोंक करणें, हीं त्याचीं नित्याचीं कामें होत. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. दप्तराची दोरी कापण्यास, लाखेची मोहोर उचलण्यास व पेन्सिल तासण्यास एक लहान साध्या धारेचा चाकू आम्हीं वर्षानुवर्षें वापरला. ज्यास शंका असेल, त्यानें दांतेरी पात्यानें एक पेन्सिल तासून पाहावी. लांकूड सोललें न जातां ओरबाडलें जातें. पेन्सिलीचें जें होतें, तेंच कलमाच्या काडीचें होतें. फरक इतकाच, कीं पेन्सिलींत जीव नसतो.

कलमाच्या बाबतींत तर हा मुद्दा निर्णायक आहे. कोंकणांत आंब्याचें कोय कलम बांधतांना कोंवळ्या रोपाच्या शेंड्यास उभा छेद देतात, आणि कलमकाडीस चार ते पांच सेंटिमीटर लांबीची पाचर तासून ती त्यांत बसवितात. नागपुराकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागाइतदार डॉगरिजच्या खुंटावर आपल्या जातीचें कलम करतात. या तिन्ही ठिकाणीं यशाचें मर्म एकच आहे. साल आणि काष्ठ यांच्या मधोमध जो पातळ जिवंत थर असतो, तो खुंटाचा व काडीचा एकमेकांस चिकटून बसला पाहिजे. दोन्ही काप आरशासारखे सपाट असले तरच हें घडतें. काप खरबरीत असेल, तर मध्यें पोकळी राहते. पोकळींत पाणी शिरतें, चेंगरलेल्या पेशी वाळतात किंवा कुजतात, आणि पंधरा दिवसांनीं काडी काळी पडलेली दिसते. अशा वेळीं शेतकरी काडीस, हवेस किंवा आपल्या नशिबास दोष देतो. चाकूच्या धारेवरून बोट फिरवून पाहण्याचें बहुधा कोणास सुचत नाहीं.

याहून चांगला पुरावा हवा असेल, तर जुन्या जाणत्या माळ्याचा हात पाहावा. जाड फांदी तो करवतीनें कापतो, कारण तेथें दुसरा उपाय नसतो. परंतु करवत खालीं ठेवतांच तो खिशांतून चाकू काढतो, आणि कापाची फाटलेली कड तासून गुळगुळीत करतो. मग त्यावर बोर्डो मलम लावतो. दांत्यांनीं केलेली जखम साध्या धारेनें दुरुस्त करावी लागते, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. ज्या चाकूनें ही दुरुस्ती करावयाची, त्यालाच दांते असतील तर ती कशी व्हावी ?

रोगाचाही विचार केला पाहिजे. डाळिंबावरील तेल्या रोग ज्यांच्या बागेंत येऊन गेला, त्यांस त्याचें वर्णन सांगणें नको. हा रोग जीवाणूंमुळें होतो, आणि छाटणीच्या हत्याराबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाऊं शकतो. म्हणून हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडवून निर्जंतुक करीत पुढें जावें, असा सल्ला तज्ज्ञ देतात. साधें पातें एका फडक्यानें पुसलें कीं स्वच्छ होतें, आणि मग द्रावण सर्वत्र लागतें. दांतेरी पात्याच्या प्रत्येक खांचेंत चीक, डिंक व सालीचा भुगा बसतो. तो पुसून निघत नाहीं आणि द्रावण त्याच्या खालीं पोहोंचत नाहीं. हें द्रावण पोलादास गंज आणतें, हेंही लक्षांत ठेवावें. काम संपल्यावर पातें पाण्यानें धुवून, कोरडें करून, तेलाचा हात फिरवून मगच मिटावें.

ठिबकाच्या नळीचेंही उदाहरण घेण्यासारखें आहे. नळीचा काप सरळ व स्वच्छ असला तर जोड घट्ट बसतो. दांत्यांनीं कापलेल्या नळीची कड फाटून बारीक कीस आंत पडतो, आणि पाण्याच्या छिद्रापर्यंत जाऊन तेथें अडकून बसण्याचा संभव असतो. एका लहान चाकूच्या निवडीमुळें ओळींतील झाडें तहानेलीं राहावीं, हें कोणास पटणारें नाहीं. पण घडतें खरें.

आतां धार लावण्याविषयीं. आमच्या मतें सर्वांत मोठा भेद येथेंच आहे. साध्या धारेच्या चाकूस शेतकरी स्वतः, आपल्या ओट्यावर बसून, एका दगडानें धार लावूं शकतो. दांतेरी धारेस सपाट दगड चालत नाहीं. तो दांत्यांचीं टोंकें खाऊन टाकतो आणि खांचा तशाच बोथट ठेवतो. तिला गोल निमुळती बारीक कानस लागते. एकेक खांच निराळी घासावी लागते, आणि बहुतेक दांतेरी पातीं एकाच बाजूनें घासलेलीं असल्यामुळें तीच बाजू घासावी लागते. हें काम खेड्यांतील किती जण करतील ? बाजारांतील सायकलीच्या चाकावर धार लावणारा कारागीर तें पातें दगडास लावील, तर दोन फेऱ्यांत दांते नाहींसे होतील. त्यामुळें दांतेरी चाकू बोथट झाला कीं फेंकून देणें व नवा घेणें हाच मार्ग उरतो. दोर कापतां कापतां तो पुष्कळ दिवस चालतो हें खरें. पण एकदां बसला म्हणजे उठत नाहीं. दांतेरी धार आळसाला क्षमा करते, साधी धार करीत नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, ही क्षमाच महाग पडते. ज्या घरांत धार लावण्याचा दगड कोपऱ्यांत पडून राहिला, त्या घरांतील खुरपें, विळा, कोयता, कुऱ्हाड सर्वच हळूहळू बोथट होतात, आणि बोथट अवजाराचा कर मजुरीच्या रूपानें रोज भरावा लागतो.

धार लावण्याची रीत अवघड नाहीं. दगड पाण्यानें ओला करून हलणार नाहीं असा बसवावा. पातें प्रथम दगडावर काटकोनांत उभें धरावें. मग तो कोन निम्मा करावा, आणि पुन्हां एकदां निम्मा करावा. हा सुमारें बावीस अंशांचा कोन नेहमींच्या कामास पुरेसा आहे. कलमाच्या चाकूस याहून थोडा कमी ठेवावा. कलमाच्या कांहीं चाकूंस एकाच बाजूनें धार काढलेली असते. तेथें दुसरी बाजू दगडावर सपाटच धरावी. हाच कोन कायम ठेवून, मुठीपासून टोंकापर्यंत सबंध धार दगडावरून न्यावी. कांहीं वेळानें दुसऱ्या बाजूस बारीक खरबरीत कड लागूं लागेल. ती पाहण्यासाठीं बोट धारेच्या लांबीवर कधींही फिरवूं नये. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, आडवें व हलकेंच, बाहेर सरकवावें. कड सबंध लांबीस लागली म्हणजे दुसरी बाजू त्याच रीतीनें घासावी. शेवटीं कातडी पट्ट्यावर, पाठ पुढें व धार मागें राहील अशा रीतीनें, पांच-दहा वेळां ओढावें. धार नीट लागली असेल तर उभ्या धरलेल्या कागदाचा काप न अडखळतां निघतो. आठवड्यांतून एकदां एवढें केलें तर चाकू पिढीभर पुरतो.

येथवर दांतेरी धारेविरुद्ध लिहिलें. आतां तिच्या बाजूचें जें सर्वांत बळकट प्रमाण आहे, तें न मांडणें अन्यायाचें होईल. तें प्रमाण म्हणजे नायलॉनचा दोर.

पूर्वीं दावीं अंबाडीचीं, तागाचीं किंवा काथ्याचीं असत. तीं पावसांत कुजत, उन्हांत झिजत, आणि जनावरानें जीवाच्या आकांतानें हिसका दिला तर पुष्कळदां तुटतही. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स यांच्या मार्गदर्शनाखालीं नायलॉन प्रथम तयार झालें. आज नायलॉनचे आणि त्याच्यासारख्या इतर कृत्रिम धाग्यांचे दोर गोठ्यागोठ्यांतून दिसतात. ते कुजत नाहींत, ताण घेतला तरी तुटत नाहींत, आणि ताणल्यावर त्यांची गांठ दगडासारखी घट्ट होते. दोराचा हा गुण जनावराच्या गळ्याभोंवतीं अवगुण ठरतो. रात्रीं दावणीस बैलाचा पाय मानेच्या दाव्यांत अडकला, किंवा उतारावर बांधलेली म्हैस घसरून फांस आवळला, तर पांच मिनिटांचाही अवकाश नसतो. अशा मेलेल्या जनावराच्या पंचनाम्यास जाण्याचा प्रसंग आमच्यावर नोकरींत एकाहून अधिक वेळां आला. कागदावर त्याचें वर्णन दोन ओळींत संपतें; घरच्या माणसांचें दुःख मात्र तेवढ्यांत संपत नाहीं. अशा वेळीं हातांत बोथट साधें पातें असेल तर तें नायलॉनवरून नुसतें सरकतें. दांतेरी पातें जुनें असलें तरी दोरांत रुततें व चार ओढींत तो तोडतें. स्वित्झर्लंडच्या सैन्याचा घडीचा चाकू १८९१ सालापासून साध्या धारेचा होता. २००८ च्या नव्या नमुन्यांत मात्र मुख्य पात्यास दांते देण्यांत आले. दोर व पट्टे कापण्याची गरज सैनिकास वारंवार पडते, आणि त्यास कलमें बांधावयाचीं नसतात, हें पाहतां त्यांची निवड चुकली असें म्हणवत नाहीं.

तेव्हां हें प्रमाण आम्ही मान्य करतों. परंतु त्यावरून खिशांत दांतेरी चाकू असावा हा निष्कर्ष निघत नाहीं. संकट गोठ्यांत येतें, रात्रीं येतें, आणि त्या वेळीं घरधन्याचा सदरा खुंटीवर असतो. खिशांतला चाकू खिशांतच राहतो. शिवाय जनावराजवळ धांवणारी व्यक्ति घरधनी असेलच असें नाहीं. ती घरची बाई, मुलगा किंवा गडी असूं शकेल. म्हणून दांतेरी धार गोठ्यांतच असावी. वैभव विळ्यासारखा एक दांतेरी विळा घ्यावा, त्याचें टोंक लोहाराकडून गोल करून घ्यावें, आणि तो गोठ्याच्या मेढीस, मुलांचा हात पोहोंचणार नाहीं पण मोठ्यांस अंधारांतही सांपडेल, अशा ठरलेल्या उंचीवर टांगून ठेवावा. त्या विळ्यानें दुसरें कोणतेंही काम करूं नये व तो तेथून हलवूं नये. प्रसंग आला तर एकानें जनावराचें डोकें धरावें, दुसऱ्यानें विळ्याची पाठ कातड्याकडे व दांते बाहेर असे ठेवून तो दोराखालीं सरकवावा आणि बाहेरच्या अंगास ओढावा. घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास ही जागा व ही रीत एकदां दाखवून ठेवावी.

आणखी एक गोष्ट यांहूनही स्वस्त आहे. दावें बांधतांना एक टोंक ओढतांच सुटेल अशी सरकगांठ मारावी, आणि तें टोंक जनावराच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर ठेवावें. चाकू व विळा हे शेवटचे उपाय आहेत. चांगली गांठ हा पहिला. ज्या घरीं गांठ नीट मारली जाते, त्या घरचा विळा मेढीवरच गंजेल, आणि तो तसा गंजावा अशीच आमची इच्छा आहे.

आतां अर्धी साधी व अर्धी दांतेरी धार असलेल्या चाकूविषयीं दोन शब्द. दोन्ही गुण एकांत मिळाले, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु खिशांतल्या चाकूचें पातें मुळांत तीन इंच. त्याचे दोन वांटे केल्यावर हातांत दीड इंच साधी व दीड इंच दांतेरी धार राहते. लांब ओढीस दांते अपुरे पडतात आणि तासकामास साधी धार अपुरी पडते. त्यांतही दांते बहुधा मुठीजवळ असतात. पाचर तासतांना हाताचा जोर व ताबा नेमका मुठीजवळच असतो. तेथें दांते आल्यामुळें टोंकाकडच्या धारेनें काम करावें लागतें, आणि हात घसरण्याचें भय वाढतें. सामाईक विहिरीचें पाणी दोघांनाही पुरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार आहे.

कायद्याचाही एक मुद्दा सांगणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण खेड्यांत याविषयीं विनाकारण भीति किंवा विनाकारण बेफिकिरी आढळते. शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील २०१६ चे नियम यांच्या अनुसूचींत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धरले आहेत. घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठीं बनविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. तीन इंच पात्याचा शेतकीचा चाकू या मर्यादेच्या पुष्कळ आंत आहे. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालीं मनाई हुकूम जारी असेल, तेव्हां सार्वजनिक जागीं चाकू बाळगण्यासही बंदी असूं शकते. म्हणून सभा, मिरवणूक, निवडणूक किंवा कचेरीच्या कामास जातांना तो घरीं ठेवावा. विमानांत तर तो जवळच्या सामानांत नेतां येतच नाहीं. काळें पातें, अक्राळविक्राळ दांते व चित्रपटांतल्यासारखी मूठ असलेला चाकू पाहून शिपायास संशय आला, तर त्याचा सर्वस्वीं दोष नाहीं. साधा चाकू पाहतांच तो शेतकऱ्याचा आहे हें ओळखतां येतें.

खरेदीच्या वेळीं काय पाहावें ? पातें तीन इंचांच्या आसपास असावें व पाठीकडून धारेकडे हळूहळू पातळ होत गेलेलें असावें. उघडल्यावर तें डावीकडे-उजवीकडे डुगडुगूं नये. उघडलेलें पातें पक्कें धरून ठेवणारा खटका असावा, नाहीं तर जोर देतांना पातें मिटून बोटांवर येतें. न गंजणारें पोलाद ओलीच्या कामास सोईचें. साध्या पोलादास धार लवकर लागते, पण तें कोरडें ठेवावें लागतें. मूठ ओल्या हातांतून निसटणारी नसावी. दुकानदार बहुधा दोर कापून दाखवितो, कारण दोरावर दांतेरी धारेचें तेज दिसतें. ग्राहकानें करंगळीएवढी हिरवी डहाळी बरोबर न्यावी आणि ती तिरपी तासून दाखविण्यास सांगावें. तासलेली बाजू उजेडाकडे धरून पाहिली म्हणजे कोणता चाकू घ्यावयाचा, हें त्यास कोणी सांगावें लागणार नाहीं.

सारांश, कलम, फळ, नळी व सुतळी यांसाठीं खिशांत साध्या धारेचा चाकू असावा. भात व गवत यांसाठीं शेतांत दांतेरी विळा असावा. फांस तोडण्यासाठीं गोठ्याच्या मेढीवर तसाच एक राखीव विळा असावा. आणि या सर्वांआधीं ओट्यावर एक चांगला दगड असावा. पावसाळ्यापूर्वीं आपण बियाणें पाहतों, खतें पाहतों, बांध पाहतों. त्याच दिवशीं घरांतील सर्व धारा पाहण्याचा परिपाठ शेतकरी बंधूंनीं ठेवावा, अशी आमची विनंति आहे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून